प्रतापनगरमधील एक गॅरेज आणि आमच्या मारुती 800 ची सकाळची टकटक

नागपुरात प्रतापनगरकडून खामल्याकडे जाताना आतल्या रस्त्यावर एक छोटे गॅरेज आहे, त्याच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. मालक आणि मुख्य मेकॅनिक एकच व्यक्ती आहे, हाताखाली दोन मुले आहेत आणि शेडमध्ये जेमतेम तीन गाड्या मावतात. हाती आहे तेच काम उरकत नाही, त्यामुळे नाव कुठे लिहू नका, असे त्यांनी स्वतःच बजावले असल्याने मी ते लिहीत नाही.

आमची मारुती 800 ही 2007 सालची, 796 सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाची, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंदणी पुन्हा करून घेतली असून मीटरवर 94 हजार किलोमीटर झाले आहेत. डिसेंबर 2023 मध्ये सकाळी गाडी सुरू केल्यावर बोनेटखालून बारीक, कोरडी टकटक ऐकू येऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढायची आणि आठ-दहा मिनिटे गाडी चालली की पूर्णपणे थांबायची, त्यामुळे मेकॅनिकपर्यंत पोहोचेपर्यंत दाखवण्यासारखे काही उरतच नसे. एका रस्त्याकडेच्या मेकॅनिकने न ऐकताच ‘टायमिंग चेन’ असे निदान केले. या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखायला चेन नसून टायमिंग बेल्ट असतो, हे मला ठाऊक होते, म्हणून तिथून मी गाडी तशीच परत आणली.

त्यानंतर फेब्रुवारीत एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) सेट केले, इंजिन ऑइल बदलले आणि आवाज गेल्याचे सांगितले. आवाज खरोखरच गेला होता. तो टॅपेटमुळे गेला नसून ऋतू बदलल्यामुळे गेला, हे मला पुढच्या नोव्हेंबरात कळले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरणारा आणि मे महिन्यात पंचेचाळीस ओलांडणारा नागपूरचा पारा या दुखण्याशी थेट जोडलेला होता, कारण धातू थंड असतानाच ते प्रकट होत असे. थंडी परतली तशी टकटकही परतली. या वेळी सर्व्हिस सेंटरने इंजिन उघडून पाहावे लागेल असे सांगून चौदा हजारांचा अंदाज हाती ठेवला.

प्रतापनगरच्या गॅरेजात गेलो तेव्हा दुपार होती आणि इंजिन नेहमीप्रमाणे गुळगुळीत चालत होते. मालकांनी दोन मिनिटे ऐकले, बोनेट लावले आणि म्हणाले, “काका, आता काई समजत नाई. गाडी रातभर इथंच राहू द्या. सकाळी मी सोता ऐकतो, मंग सांगतो.” आवाज प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय एकही नट न खोलण्याचा हा आग्रह मला त्या वेळी वेळकाढूपणा वाटला होता. आता विचार करता, संपूर्ण व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती, आणि तपासणीचे म्हणून त्यांनी लावलेले 300 रुपये मला मुळीच खुपले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पोहोचलो तर तयारी झालेली होती. थंड इंजिनाचा अवधी जेमतेम सहा-सात मिनिटांचा, म्हणून सायलेन्सर मॅनिफोल्डवरचे (सिलिंडरांचा धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागावरचे) पत्र्याचे कव्हर आदल्या रात्रीच काढून ठेवले होते, शेजारी हातभर लांबीची रबरी नळी होती आणि स्टीलच्या पेल्यात साबणाचे पाणी कालवलेले होते. सेल्फ मारताच टकटक सुरू झाली. त्यांनी रबरी पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढून लगेच बसवली. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन अडखळले, पण टकटक कायम राहिली. तिसऱ्याची काढताच इंजिन तसेच अडखळले, मात्र टकटक नाहीशी झाली. टॅपेट सैल असता तर पेट्रोल पेटो वा न पेटो, तो वाजतच राहिला असता. याचा अर्थ आवाज तिसऱ्या सिलिंडरमधील ज्वलनाच्या दाबाशी बांधलेला होता. इंजिनातल्या झिजलेल्या बेअरिंगची ठोकही अशा वेळी कमी होते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. परंतु ती ठोक ऑइल तापून पातळ झाल्यावर सहसा वाढते आणि इथे नेमके उलट घडत होते.

मग त्यांनी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे मॅनिफोल्डच्या कडेने सावकाश फिरवले आणि तिसऱ्या पोर्टपाशी, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा धूर बाहेर पडतो त्या तोंडापाशी, थांबून नळी माझ्या हातात दिली. बाहेरून जी टकटक वाटत होती, ती नळीतून ऐकताना स्पष्ट ‘फुस्-फुस्’ होती. इंजिन बंद करून त्यांनी सायलेन्सरच्या टोकाला ब्लोअर लावला आणि त्याच जागी ब्रशने साबणाचे पाणी सोडले, तेव्हा हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातून बुडबुड्यांची ओळ वर आली. जवळच काजळीचा काळा ओघळही होता, जो कव्हरमुळे आजवर कोणालाच दिसला नव्हता. “पॅकिंग गेली,” एवढेच ते म्हणाले, म्हणजे त्या सांध्यातले गॅस्केट.

हेड ॲल्युमिनियमचे आणि मॅनिफोल्ड बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या ओढाताणीत दोन्ही जोडून ठेवणारे स्टड ढिले पडतात, गॅस्केट जळते. इंजिन तापले की फट मिटते आणि आवाजही मिटतो. सर्व्हिस सेंटरची चूक समजण्यासारखी आहे, हेही मान्य केले पाहिजे, कारण टॅपेट आणि ही गळती दोन्ही इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात, त्यामुळे नुसत्या कानाला फरक कळत नाही. मात्र चढावर वगैरे इंजिनाने लोड घेतल्यावर गळती ठळक होते. गाडी हाती आल्यावर मी मुद्दाम पहाटे वर्धा रोडच्या दुमजली उड्डाणपुलाचा चढ काचा खाली करून चढलो. कठड्यावर आपटून परत येणारा तो आवाज या वेळी नव्हता.

मायलेज लिटरला 16 वरून 14 वर का आले होते, याचाही उलगडा झाला. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, त्यामुळे मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, असल्याची चुकीची खबर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिळते आणि तो पेट्रोल वाढवतो. शिवाय बोनेटखाली गळणारा धूर केबिनमध्ये येऊ शकतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नव्हते.

दुरुस्ती मात्र सांगितल्याप्रमाणे एका दिवसात झाली नाही. मॅनिफोल्ड काढताना गंजलेला एक स्टड हेडमध्येच तुटला, आणि पट्टी व फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहिल्यावर मॅनिफोल्डचा पृष्ठभागही वाकलेला निघाला, म्हणून तो लेथवाल्याकडे सपाट करायला पाठवावा लागला. काम योग्यच होते. परंतु याची कल्पना मला फोनवर मिळाली नाही, तिसऱ्या दिवशी गॅरेजात गेल्यावर मिळाली, आणि वाढीव खर्चाला माझा होकार गृहीत धरलेला होता. बिल हाताने लिहिलेले, तपासणी, सुटे भाग, लेथ आणि मजुरी धरून एकूण 3,150 रुपयांचे होते. जुने गॅस्केट आणि तुटलेला स्टड न मागता कागदात गुंडाळून दिला. बसायला जागा नाही आणि दुपारी फोन उचलला जात नाही, हेही जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा कसण्यासाठी जानेवारीत बोलावले होते. इंजिन पूर्ण थंड असतानाच टॉर्क रेंच लावायचा म्हणून पुन्हा आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून घेतली. तीनपैकी एका पोर्टचे नट किंचित फिरले, बाकीचे जागच्या जागी होते. याचे पैसे घेतले नाहीत. पत्र्याच्या कव्हरचा एक बोल्ट बसवायचा राहिला होता, तो मी दाखवल्यावर बसवला.