हेडस्टॉक उजवीकडे होता आणि मी ५५,६४० रुपये भरले

आकडा आधीच सांगून टाकतो. ५५,६४० रुपये. छोट्या इंजिनाच्या भागांसाठी एका भामट्याला दिलेले, पाच हप्त्यांत, यूपीआयनं, स्वतःच्या बोटानं, स्वतःचा पिन टाकून. ओटीपी कुणाला दिला नाही, कसली लिंक उघडली नाही, डिजिटल अरेस्टवाल्यांचा तर फोनही आला नव्हता. तेव्हा ‘काकांना मोबाइल वापरता येत नाही’ असं जे आमच्या सोसायटीत पसरलंय ते साफ चूक आहे. मला मोबाइल वापरता येतो. लेथही, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, चालवता येतो, ३४ वर्षं भांडुपला टूलरूममध्ये दुसरं काही केलं नाही. खरी लाज त्याचीच वाटते.

मुलुंडला आमच्या बंद केलेल्या गॅलरीत माझा छोटा लेथ आहे. खाली रबरी पॅड, रात्री आठनंतर बंद, सेक्रेटरींना तसं लिहून दिलंय. मागच्या वर्षी एका सिलिंडरचं छोटं इंजिन केलं. चाललं. एक चाललं की माणसाला चार हवेत, हा रोगच आहे. एडगर वेस्टबरी नावाच्या इंग्रज माणसानं फार पूर्वी ‘सील’ नावाचं चार सिलिंडरचं छोटं इंजिन आखून ठेवलंय, साइड व्हॉल्व्ह, पाण्यानं थंड होणारं, १५ सीसीचं. चारही सिलिंडर मिळून चहाचे तीन चमचे. तसलंच काहीतरी करून गणपतीच्या आराशीत आमच्या बाप्पासमोर चालतं ठेवायचं, असं मी घरात बोलून बसलो होतो. ही म्हणाली, ‘पेट्रोलचा वास बाप्पाला चालेल का?’ तो प्रश्न तसाच राहिला.

आता मी का फसलो ते कळायला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं गोल फिरणारा इंजिनाचा दांडा, समजून घ्यावा लागेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जावं. एका सिलिंडरचा क्रँक कुणीही करतो. चारचा करायचा तर ईएन-८ पोलादाचा अख्खा बार घ्यायचा, लेथच्या दोन सेंटरमध्ये, म्हणजे टोकदार आधारांमध्ये, धरायचा आणि सेंटर सरकवून सरकवून त्यातून पिना कोरायच्या. पहिली आणि चौथी एका बाजूला, दुसरी-तिसरी बरोबर समोर, १८० अंशात. बारचा बहुतेक भाग कीस होऊन ट्रेमध्ये जातो. जसजसं मटेरियल निघतं तसतसा बारच्या आतला ताण सुटतो आणि दोन दिवस जपून केलेला जॉब केळ्यासारखा वाकतो. दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या भंगार-लोखंडाच्या बाजारातून, आणलेले तीन बार मी असे घालवले. तिसऱ्याला मधल्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, मापाचा डायल लावला तर काटा ८ शतांश मिलिमीटर हलला. एवढ्यानं इंजिन आवळतं. ब्लॉकचीही तीच रड. अंबरनाथला दोन फाउंड्र्यांत विचारलं, एका नगासाठी कुणी मूस बांधायला तयार नाही.

अशा वेळी एक जण भेटतो आणि म्हणतो, ‘काका, ब्लॉक, हेड, संप (खालचं तेलाचं भांडं), सगळी कास्टिंग, ओतीव भाग, आहेत. क्रँक ग्राइंड करून तयार देतो.’

होय, काका. मराठीत. मूळचा साताऱ्याकडचा, वडील कोइमतूरला फाउंड्रीत गेले ते तिकडचेच झाले, असं त्यानं सांगितलं. कोइमतूर म्हणजे पंपांचं आणि फाउंड्र्यांचं गाव, त्यामुळे ते पटलं. मी काही लगेच पाघळलो नाही. परीक्षा घेतली. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, विचारली, म्हणाला १-३-४-२. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट किती फिरतो? क्रँकच्या निम्मा. साच्याच्या पॅटर्नला श्रिंकेज, म्हणजे धातू थंड होताना आकसतो ते, किती धरलंत? ‘ॲल्युमिनियम आहे, सव्वा टक्का धरतो काका.’ आमच्या वेळच्या फोरमनला हे उत्तर असं पटकन देता आलं नसतं! भामटा अडाणी असता तर मी कशाला फसलो असतो? आता कळतंय की हे सगळं कुणालाही मोबाइलवर दहा मिनिटांत वाचायला मिळतं. ज्याचं उत्तर वाचून देता येत नाही असं मी काहीच विचारलं नाही. कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून तो कागद ब्लॉकशेजारी ठेवून फोटो पाठव, एवढं म्हणायला हवं होतं. व्हिडिओ कॉल कर म्हणालो होतो, तर ‘फाउंड्रीत रेंज नाही, धूळ फार’.

मग त्यानं व्हिडिओ पाठवला. २२ सेकंदांचा. चार सिलिंडरचं इंजिन टेबलावर चालू, आवाज शिवणयंत्रासारखा एकसारखा, चार बारीक एक्झॉस्ट, पुढे पितळी पंखा. मी तो चाळीसेक वेळा तरी पाहिला असेन. हिला दाखवला, मुलाला पाठवला, खालच्या वॉचमनलाही दाखवला.

त्या इंजिनामागे एक लेथ होता. आणि त्याचा हेडस्टॉक उजवीकडे होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लेथसमोर उभं राहिलं की चक आणि हेडस्टॉक, म्हणजे जॉब धरून फिरवणारं टोक, डाव्या हाताला असतो, दुसऱ्या टोकाचा आधार, टेलस्टॉक, उजव्या. जगात कुठेही जा. ३४ वर्षं मी त्याच्यासमोर उभा राहिलोय. झोपेतून उठवून विचारलंत तरी डावा हात वर करीन. तिसऱ्या-चौथ्यांदा पाहतानाच मला ते खटकलं होतं. हे मी शपथेवर सांगतो, खटकलं होतं. मनात म्हटलं, कॅमेरा लेथच्या मागच्या बाजूनं धरला असेल, मागून पाहिलं की उजवीकडेच दिसणार. आणि मी खूश झालो, की बघा, कशी अक्कल चालते आपली.

पैसे गेल्यावर माझ्या जुन्या टूलरूममधल्या मित्राला तोच व्हिडिओ दाखवला. त्यानं एकदाच पाहिला. ‘अरे, मागून कसा? कॅरेजची, हत्यार सरकवायची, हँडलं आपल्या बाजूला आहेत की.’

हँडलं कॅमेऱ्याकडे आणि हेडस्टॉक उजवीकडे. असा लेथ नसतो. व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा केला होता. मग स्क्रीन मोठी करून पाहिलं तर शेजारच्या तेलाच्या डब्यावरची अक्षरंही उलटी. दुसऱ्याचा व्हिडिओ उचलायचा आणि शोधून सापडू नये म्हणून फिरवायचा, जुनी युक्ती आहे म्हणे. सुनेनं कास्टिंगचे फोटो गूगलवर टाकून शोधले. पाच मिनिटांत मूळ फोटो मिळाले, कुठल्याशा परदेशी हौशी माणसाचे, काही वर्षांपूर्वीचे. हेच मी आधी केलं असतं तर? पण मला शोधायचंच नव्हतं. मला क्रँक हवा होता.

आता हिशोब. सेट ४३,००० ला ठरला. टोकन ५,०००. फोटो आल्यावर २०,०००. ‘माल पॅक झाला’ म्हणून उरलेले १८,०००. त्यानंतर १८ टक्के जीएसटी, ७,७४०. शेवटी कुरियरचा विमा, ‘माल पोचला की परत मिळतो काका’, ४,९००. बेरीज करून बघा. टोकन भरतानाच स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. ‘बहिणीचं खातं आहे, माझ्या खात्याला लिमिट लागलंय.’ ज्याची फाउंड्री आहे म्हणे, तो बहिणीच्या बचत खात्यात पैसे घेतो! नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा. बहीण असो, आई असो, थांबा.

जीएसटीचं बिलही आलं होतं, पीडीएफ, शिक्क्यासकट. ते मी पैसे भरल्यावर नीट वाचलं. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७, तमिळनाडूचा ३३. कोइमतूरच्या या फाउंड्रीचा क्रमांक सुरू होत होता २७ पासून. शिवाय परराज्यातून माल आला की आयजीएसटी लागतो, याच्या बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकल्यासारखं. जीएसटीच्या सरकारी साइटवर क्रमांक टाकला की नाव-पत्ता फुकट दिसतो. एक मिनिटाचं काम होतं, आणि मी ते पैसे गेल्यावर केलं.

कुरियरचा डॉकेट नंबर मात्र खरा निघाला. साइटवर टाकला तर पार्सल खरंच निघालं होतं, भलत्याच गावाला. वजन २५० ग्रॅम. चार सिलिंडरचा ब्लॉक, हेड, संप आणि पोलादी क्रँक मिळून पाव किलो! तरीही मी त्याला फोन करून विचारलं, ‘वजन चुकीचं टाकलंय का?’ म्हणाला, ‘हो काका, लाकडी खोक्याचे ९,००० भरले की दुरुस्त होईल.’ तेव्हा मुलानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. हो, अक्षरशः काढून घेतला. माझ्या हातातून.

तक्रारीचं सांगू? शनिवारी संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. सहाव्यांदा लागला. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येतात, असं तेच सांगतात, आणि फोन सहाव्यांदा उचलतात. तरी लावाच, आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर समोर ठेवून लावा, मी तो शोधण्यात दहा मिनिटं घालवली. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरताना फसवणुकीचा प्रकार निवडायचा असतो, त्यात माझा प्रकार कुठे बसतो ते तासभर कळेना.

मग पोलीस ठाणं.

‘कसलं इंजिन?’

‘छोटं. चार सिलिंडरचं.’

‘गाडी कुठली? आरसी बुक आणलंय?’

गाडी नाही म्हटलं, हाताएवढं इंजिन आहे, घरी बनवतोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाजूला बसलेला पाकीटमारीतला पोरगाही हसला. पुढचा प्रश्न, ‘मग खेळणंच ना ते?’ मग साहेब आले, म्हणाले माल मागवला, माल आला नाही, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, साहेब, खोटं बिल, खोटा फोटो, खोटं नाव, ही फसवणूकच. ४२० चं आता ३१८ झालंय, १ जुलै २०२४ पासून, एवढं मला पेपर वाचून माहीत आहे, तुम्हाला नाही? हे बोलायला नको होतं. पुढे दोन तास मला बाकड्यावर बसवलं, आणि मग कळलं की आज ज्यांनी लिहून घ्यायचं ते बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्या खेपेला खात्याचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यानं हवं म्हणाले. तिसऱ्या खेपेला शिक्का आहे पण सही नाही. चौथ्या खेपेला तक्रार घेतली, तीही मुलगा रजा टाकून सोबत आला तेव्हा. पासष्टीच्या माणसानं एकट्यानं गेलं की तो म्हातारा, मुलाला घेऊन गेलं की तक्रारदार!

बँकेचं तर विचारूच नका. काउंटरवरच्या मुलीला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ती शांतपणे म्हणाली, ‘ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. तुम्ही स्वतः पिन टाकलाय.’ बरोबर बोलत होती, म्हणून जास्त राग आला. तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलोय. वाट बघतोय.

आतापर्यंतची जमा: त्या ‘बहिणीच्या’ खात्यात ३,११२ रुपये अडकवून ठेवलेत. ते मला मिळायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. वकिलानं त्याची फी ५,००० सांगितली.

रागाच्या भरात मी एक मूर्खपणा आणखी केला. तक्रारीच्या पावतीचा फोटो, क्रमांकासकट, सगळीकडे टाकला, लोकांना कळावं म्हणून. तुम्ही टाकू नका. परवा फोन आला, ‘सायबर सेलमधून बोलतोय काका, तुमचा तक्रार क्रमांक अमुक, पूर्ण रक्कम रिकव्हर झालीय, प्रोसेसिंगचे १,९९९ भरायचेत.’ क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, मराठीही चांगलं.

मी म्हटलं, भरतो. आधी एक सांगा, लेथसमोर उभं राहिलं की हेडस्टॉक कुठल्या हाताला असतो?

थोडा वेळ काहीच नाही. मग फोन कट. तो नंबरही संचार साथीवर, फसवे नंबर कळवायच्या सरकारी साइटवर, टाकलाय. त्याचं पुढे काय झालं ते मला विचारू नका.