हात आधी, थाप मागून: हँडब्रेक हा व्हिडिओ कन्व्हर्टर आठ महिने वापरल्यावर

गेल्या गणेश चवथीला गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मंडळाची घुमट आरती शूट केली. घुमट म्हणजे हाताने वाजवायचं मातीचं, चामड्याने मढवलेलं वाद्य. फोनवर, चाळीस मिनिटांची सलग क्लिप. एडिट करून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळाचे काका दारात हजर. "अरे बाबा, पोरांनी महिनाभर सराव केला आणि तू एका रात्रीत त्यांना बेताल केलंस?"

बघितलं तर खरंच. पहिली आरती चोख जुळलेली. शेवटच्या आरतीला हात घुमटावर पडलेला दिसतो आणि थाप ऐकू येते दीड सेकंदाने. भाषणात एवढं कदाचित खपलंही असतं, घुमटात कसं खपणार? चित्र-आवाज जुळवायला शूटिंगमध्ये क्लॅप वाजवतात ना, तिथली प्रत्येक थाप म्हणजे तसा क्लॅपच.

तेव्हा मी दरमहा पैसे भरून एक नावाजलेलं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत होतो. नाव घेत नाही. त्यांच्या सपोर्टला चार मेल पाठवले. पहिल्याचं उत्तर, कॅश साफ करा. दुसऱ्याचं, ड्रायव्हर अपडेट करा. तिसऱ्याचं, नवा लॅपटॉप बघा! हीच क्लिप साध्या प्लेअरवर नीट वाजते, असं मी प्रत्येक मेलमध्ये लिहिलं होतं. चौथ्याला उत्तरच नाही. वर्गणी बंद केली.

रोग सापडला मीडियाइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये. फ्रेम रेट मोडपुढे लिहिलेलं: व्हेरिएबल. म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, किती चित्रं, हे कमीजास्त होणारं. फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण उजेड कमी झाला की एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि संख्या घसरते. प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून चालतो, एडिटर मात्र सरळ ३० धरून मोजत सुटतो. सरासरी २९.९८ जरी पडली, तरी चाळीस मिनिटांत चित्र आवाजाच्या दीड सेकंद पुढे पळतं. समईच्या उजेडातली आरती, दुसरं काय होणार?

हँडब्रेक इथे कामाला येतो. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० आणि त्याच्याखाली 'कॉन्स्टंट', म्हणजे कायम तेवढाच. झालं. हे खालचं बारीक टिंब म्हणजेच सगळं औषध. आधीपासून निवडलेलं असतं ते 'पीक'. त्याने ३० च्या वर जात नाही एवढंच, खाली घसरायची मुभा तशीच राहते. पहिले दोन दिवस मी पीकवरच फाइली काढत बसलो आणि प्रोग्रॅमला शिव्या दिल्या. चूक माझी. आता स्वतःचा प्रीसेट करून ठेवलाय, नाव 'घुमट': कॉन्स्टंट ३०, क्वालिटी १८, आवाज ४८ किलोहर्ट्झ. क्वालिटीचा आकडा जितका खाली तितकं चित्र चांगलं आणि फाइल जाड. मूळ क्लिप पुसू नका, कन्व्हर्ट करताना थोडं तरी जातंच. आयकॉनवर अननस आणि पेयाचा पेला, त्यामुळे गोवेकराला पहिल्या दिवसापासून घरचंच वाटतं. दमडी लागत नाही, हे मला जास्त आवडलं.

दिवाळीनंतर मात्र माझा विश्वास डळमळला. कॉन्स्टंट करूनही थाप मागेच! पण यावेळी सुरुवातीला जेवढी मागे, शेवटीही तेवढीच. दोन दिवस सेटिंग उलटीपालटी केल्यावर भाच्याने माझे ब्लूटूथ इअरफोन काढून वायरवाले लावले आणि थाप हाताखाली आली. उशीर कानातच होता, फाइलीत नव्हता. त्यापायी मी चांगल्या क्लिपचा आवाज पाच फ्रेम अलीकडे ओढून ठेवला होता, तो पुन्हा जागेवर नेला.

तेव्हापासून आधी एकच बघतो: फरक वाढतोय की तेवढाच आहे? वाढतोय तर हँडब्रेक. तेवढाच असेल तर कन्व्हर्ट करून वीज जाळू नका. शिगम्यात देवळाच्या दीपस्तंभापाशी उभा राहून शूट केलं, वाजवणारे साधारण ३४ मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दशांश सेकंद उशीर, तीन फ्रेम. आवाज तीन फ्रेम अलीकडे सरकवला, काम मिटलं.

मध्यंतरी शॉटकट हे एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं, तेही फुकट. व्हेरिएबल क्लिप आत घेतली की ते आपणहून विचारतं, एडिटिंगला सोयीची करून देऊ का? तेव्हा वाटलं, मग हँडब्रेक हवा कशाला? आठवडाभर तसंच केलं. 'बेस्ट' निवडल्यावर फाइली एवढ्या फुगल्या की माझी हार्ड डिस्क भरली, आणि नवी मी घेणार नाही. शिवाय हँडब्रेकमध्ये रात्री दहा क्लिप रांगेत लावून झोपता येतं. परत आलो.

तक्रार एकच, वेळ. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चाळीस मिनिटांच्या क्लिपला दीड तास लागतो. बॅटरी मेलेली, त्यामुळे पावसात वीज गेली की अर्धवट फाइल कामातून गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. सध्या मे चालू आहे, तेव्हा विजेपेक्षा उकाड्याची भीती. गेल्या सगळ्या आरत्या नव्याने काढतोय, लॅपटॉप बाल्कनीत ठेवून. आई म्हणते, एवढा तापतोच आहे तर त्याच्यावर कोकमाची सोलां तरी वाळत घालते.