फिक्स प्लॅन घेतला, हप्ता मात्र हलला

पाचपैकी तीन स्टार. त्यातला एक फोनवरच्या मुलीचा, नाहीतर दोनवरच थांबले असते.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, दोन बेडरूमचं, एका रांगेत चिकटून बांधलेल्या घरांपैकी एक. गेल्या ऑक्टोबरात वीज आणि गॅस दोन्हींचा 12 महिन्यांचा फिक्स प्लॅन घेतला. वीज 25 पेन्स युनिट, गॅस 6 पेन्स, स्टँडिंग चार्ज (वापरा न वापरा, रोजचा ठरलेला आकार) दोन्ही मिळून दिवसाला 80 पेन्स, सगळं 5 टक्के व्हॅट धरून. डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून आपोआप जाणारा हप्ता, महिन्याला 129 पौंड. नवऱ्याला म्हटलं, चला, वर्षभराची कटकट मिटली.

फेब्रुवारीत ईमेल आला, पुढच्या महिन्यापासून 171 पौंड.

आधी संशय आईवरच गेला. ती नाशिकहून तीन महिने आली होती आणि हीटिंग दिवसभर चालू. तिलाही अपराधी वाटायला लागलं. "अगं, तीनशे युनिटच्या वर गेलं की दर चढतो ना?" तिच्या डोक्यात महावितरणचे स्लॅब. इथे तसं नाही, आमच्या प्लॅनमध्ये पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच भावाचं. मग चढलं काय?

रात्री जुनी मेल काढून नीट वाचली. फिक्स आहे तो युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज. हप्ता हा कंपनीचा नुसता अंदाज. वर्षाला किती वापराल त्याला दरानं गुणायचं, स्टँडिंग चार्ज मिळवायचा, बारानं भागायचं. आमचं 2,600 युनिट वीज, 10,000 युनिट गॅस धरलं होतं, म्हणून 129. वापराचा अंदाज वाढला की हप्ता वाढवायला कंपनी मोकळी. ऑफजेम म्हणजे इथली वीज-गॅसची नियामक संस्था, तिच्या प्राइस कॅपचंही (कमाल दराच्या मर्यादेचंही) हेच. मर्यादा दरावर आणि स्टँडिंग चार्जवर, बिलावर नाही. बातम्यांत सांगतात तो वर्षाचा आकडा सरासरी घराचा असतो, तुमचा-माझा नव्हे.

आता गंमत बघा. बिलावर गॅसच्या रीडिंगशेजारी बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहिलेलं. आपोआप रीडिंग पाठवणारा स्मार्ट मीटर असूनही तो डिसेंबरपासून मुका झाला होता, कंपनी मनानेच आकडे टाकत होती. घराबाहेरच्या भिंतीतली पांढरी पेटी त्रिकोणी किल्लीनं उघडली, टॉर्च मारला. बिलावर 4812, मीटरवर 4631. म्हणजे 181 घनमीटर जास्तीचे. एक घनमीटर म्हणजे साधारण 11.2 युनिट, म्हणजे 2,000 च्या वर युनिट, जवळजवळ 122 पौंड! आईनं तेवढा गॅस जाळलाच नव्हता.

चॅटवर तीन दिवस तेच तेच उत्तर. शेवटी फोन केला, 40 मिनिटं ते संगीत ऐकलं, मग ती मुलगी भेटली. फोटो मागितला, समोरच रीडिंग बदललं, हप्ता 136 वर आणला. सात पौंड का वाढले तेही तिनं न विचारता सांगितलं. आम्ही ऑक्टोबरात सुरुवात केली, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, कंपनीकडच्या आमच्या खात्यात उन्हाळ्याची शिल्लक साठायला वेळच मिळाला नाही. एप्रिल-मेमध्ये सुरू करणाऱ्यांचं खातं आधी फुगतं आणि मग हिवाळ्यात उतरतं. आणि हीटिंगचा थोडा भाग आईचा होताच, नाकारत नाही.

तक्रार आणखी एक. जुलैत 28 दिवस नाशिकला होतो, घर बंद, तरी 22 पौंड 40 पेन्स स्टँडिंग चार्ज लागलाच. ही कंपनीची लबाडी नाही, पद्धतच तशी आहे, पण चुटपुट लागते.

प्लॅन मध्येच सोडला तर वीज-गॅसचे 50-50 असे 100 पौंड दंड. शेवटच्या 49 दिवसांत मात्र तो लागत नाही, आणि मुदत संपल्यावर काहीच केलं नाही तर आपोआप बदलत्या दराच्या प्लॅनवर टाकतात. मी ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढते. त्रिकोणी किल्ली कालनिर्णयच्याच खिळ्याला अडकवली आहे.