कानाखालची गाठ आणि महापालिकेची टीबीची खिडकी : पाचपैकी चार स्टार

ऐरोलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. गेल्या पावसाळ्यात डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी लिंबाएवढी गाठ आली. दुखणं नाही, ताप नाही, खोकला तर नाहीच. नेहमीच्या डॉक्टरांना दाढेचा संशय आला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, गाठ जागची हलली नाही. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "गंडमाळ आहे ही." म्हणजे मानेच्या गाठींचा टीबी. आम्ही हसलो.

मग एका खाजगी हॉस्पिटलात गेलो. नाव लिहीत नाही. लाळेच्या ग्रंथीत ट्यूमर वाटतोय, काढून टाकू, दीड लाख धरून चाला. चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते आणि तोंड वाकडं होऊ शकतं, हे मी खोदून विचारल्यावर कळलं. सुई घालून तपासणी केली, पण निघालेला सगळा माल काचपट्ट्यांवर पसरवून टाकला. रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा पुंजका), टीबीची शक्यता' आलं. सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू पकडणारी मशीनवरची तपासणी, करायची तर द्यायला थेंब उरला नव्हता!

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आपल्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखव. मी नाक मुरडतच गेले. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला, केसपेपरच्या मागे पेनाने कान काढला, त्याखाली ग्रंथी आणि ग्रंथीच्या आत छोटे छोटे मणी. "लाळग्रंथीच्या पोटातही अशा लसिकागाठी (लिम्फ नोड) असतात. टीबी बहुतेक यातल्या एकीला झालाय, म्हणून ट्यूमरसारखं दिसतं." पुन्हा सुई झाली, या वेळी थोडा माल सलाईनच्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी निकाल आला. जंतू टीबीचेच, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्यांना लागू पडणार. छातीचा एक्स-रे, शुगर, एचआयव्ही, सगळं फुकट. ऑपरेशनचं नावही कोणी काढलं नाही.

माझा पहिला प्रश्न होता, पोळ्या लाटू का? मॅडम म्हणाल्या, फुप्फुस साफ आहे, गाठीचा टीबी असा पसरत नाही, लाटा खुशाल. घरातल्या सगळ्यांना मात्र तपासून घेतलं.

वजन ५८, म्हणून रोज ४ गोळ्या, एकदम, उपाशीपोटी. कोर्स ६ महिन्यांचा, पहिले २ महिने चार औषधं, नंतरचे ४ महिने तीन. पहाटे पाचला गोळ्या घेऊन चहाविना तासभर कणीक मळायची, हे मला आजारापेक्षा जड गेलं. लघवी केशरी होईल हे सिस्टरनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी धावत सुटले असते. एका औषधाने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, लाल-हिरवा नीट ओळखता येतो का बघत जा, असं मॅडमनी बजावलं होतं. मी रोज मिरच्या निवडताना ती परीक्षा देत होते.

तिसऱ्या महिन्यात गाठ उतरायची सोडून फुगली, वरची कातडी लालबुंद. औषध लागू पडत नाही म्हणून मी गोळ्या बंदच करणार होते. मॅडमनी सुईने पू काढला, पुन्हा तपासायला पाठवला आणि म्हणाल्या, औषध काम करत असतानाही गाठ अशी फुगते, गोळी एकही चुकवू नका. महिन्याभरात बसली. कोर्स संपला तेव्हा हाताला वाटाण्याएवढं काहीतरी लागत होतं, ते तसंच राहू शकतं म्हणे.

आता कापलेल्या स्टारचं. गोळ्यांची खिडकी साडेनऊला उघडते, म्हणजे नेमकी माझ्या डब्यांच्या वेळेला. एकदा महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या दिल्या, चार फेऱ्या झाल्या. आणि तो शिपाई भर रांगेत ओरडतो, "टीबीवाले इकडे!" माझं गिऱ्हाईक रांगेत असतं तर? निक्षय या टीबीच्या सरकारी योजनेतले पोषणाचे पैसे महिन्याला १००० प्रमाणे मिळतात, माझे पहिले जमा झाले चौथ्या महिन्यात. तोवर अंडी स्वतःच्याच पैशांनी खाल्ली.

जाणार असाल तर आधारची आणि पासबुकाची झेरॉक्स घरूनच न्या. बाहेरचा झेरॉक्सवाला अकराशिवाय शटर उघडत नाही.