मोरोक्कोचे परराष्ट्रमंत्री, १२० रुपयांच्या नोट्समध्ये

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तके विकणाऱ्या एका दुकानात आंतरराष्ट्रीय संबंधांवरील मराठी नोट्स स्पायरल बांधणीत १२० रुपयांना मिळतात. त्यांतील मोरोक्कोचे परराष्ट्रमंत्री नासेर बुरिटा यांच्यावरील प्रकरण मी बारकाईने वाचले.

सनावळीच्या बाबतीत या नोट्स भरवशाच्या आहेत. १९६९ साली ताउनात येथे जन्म, रबातच्या मोहम्मद पाचवे विद्यापीठात कायद्याचे शिक्षण, १९९२ मध्ये परराष्ट्र खात्यात प्रवेश, २०११ मध्ये खात्याचे सरचिटणीस आणि एप्रिल २०१७ पासून मंत्रिपद, हा क्रम बिनचूक आहे. मात्र त्याचे महत्त्व काय, हे कुठेच सांगितलेले नाही. बुरिटा यांच्या लगतपूर्वीचे सादेद्दिन ओस्मानी आणि सलाहेद्दिन मेझुआर हे दोघेही पक्षनेते होते. बुरिटा मात्र कोणत्याही पक्षाचे नसलेले, खात्यातच घडलेले अधिकारी आहेत. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित विभाग त्यांच्याकडे असतानाच, २००७ मध्ये, मोरोक्कोने पश्चिम सहारासाठी, म्हणजे तो ज्यावर हक्क सांगतो त्या दक्षिणेकडील वादग्रस्त प्रदेशासाठी, स्वायत्ततेचा प्रस्ताव मांडला. नोट्समध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर पडून आहेत आणि मुख्य परीक्षेत गुण मिळतात ते त्यांची सांगड घालणाऱ्यालाच. १९८४ मध्ये सहाराच्या प्रश्नावरून सोडलेल्या आफ्रिकी संघटनेत मोरोक्को जानेवारी २०१७ मध्ये परतला, याचा उल्लेख आहे, पण तोही तळटीपेसारखा.

मला सर्वांत जास्त खटकले ते डीएपीसारख्या खतांचा कच्चा माल असलेले फॉस्फेट एका ओळीत उरकणे. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे, आणि मोरोक्कोतील जोर्फ लास्फर येथे भारतीय कंपन्यांच्या भागीदारीतील फॉस्फोरिक आम्लाचा कारखाना आहे. सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर डीएपीच्या गोणीसाठी ज्याच्या घरचे लोक रांगेत उभे राहतात, त्या मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला बुरिटा यांच्या कामाचे मोल याहून सोप्या वाटेने समजावता आले नसते. पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यवाद्यांनी घोषित केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाची मान्यता भारताने २००० साली काढून घेतली, हेही याच ठिकाणी यायला हवे होते.

कागद बरा आहे, बांधणी टिकाऊ आहे. छपाई मात्र झेरॉक्सच्या झेरॉक्सची. नकाशावरील पश्चिम सहाराची तुटक सीमारेषा पार पुसली गेल्यामुळे, ज्या वादावर राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पिढ्या खपल्या, तो झेरॉक्स यंत्राने परस्पर मोरोक्कोच्या बाजूने निकाली काढला आहे. दुकानदाराने पान लगेच बदलून दिले, पण रेघ त्यावरही नव्हती.