घटपर्णीचं बी-किट: डबा उत्तम, बियांची पुडी मात्र पारखून घ्या

घटपर्णी, म्हणजे पानांच्या टोकांना किडे पकडणारे घट लागणारी वनस्पती, बियांपासून वाढवण्याच्या या किटमध्ये झाकणाचा पारदर्शक डबा, वाळलेलं स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारी, पाणी धरून ठेवणारी वनस्पती), परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) चकती, खताच्या गोळ्या आणि बियांची पुडी येते. पुडीवर काढणीची तारीख नाही, आणि ही उणीव सगळ्यात मोठी. घटपर्णीच्या बियांची उगवणशक्ती काही महिन्यांतच झपाट्याने घटते, त्यामुळे जुनी पुडी म्हणजे नुसता भुसा.

बी केसासारखं बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं असतं. उजेडासमोर धरून भिंगातून पाहा: मधोमध किंचित फुगवटा दिसला तर आत गर्भ आहे, नाहीतर बी पोकळ. गोल, काळं, टपोरं बी निघालं तर ते घटपर्णीचं नव्हेच. पुडीवर जातीचं नावही हवं होतं. उंच डोंगरांवरच्या जातींना रात्री १२ ते १५ अंशांचा गारवा लागतो, सखल भागातल्या जातींना रात्रीही २० अंशांच्या वर ऊब हवी. जातच ठाऊक नसेल तर डबा ठेवायचा कुठे?

मॉस अप्रतिम आहे. लांब धाग्यांचं, काडीकचरा जवळजवळ नाही. भिजवून, पिळून, कात्रीने बारीक करा आणि तेवढ्याच परलाइटमध्ये मिसळून चार-पाच सेंटिमीटरचा थर द्या. कोकोपीट बाजूलाच ठेवा, त्यात क्षार असू शकतात. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. आरओ फिल्टरचं वापरायचं तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) खाली आहे ना, ते मोजून घ्या. बिया वर नुसत्या पसरा, फवारा मारा, त्यांच्यावर मॉसचा थर घालू नका. त्यांना उजेड लागतो. एलईडीखाली रोज १२ ते १४ तास पुरेत. बंद डब्यावर थेट ऊन पडलं तर आतलं सगळं शिजून जातं.

डब्याच्या झाकणाला सरकती झडप आहे, ही खरी कामाची गोष्ट. ताज्या बिया साधारण चार ते आठ आठवड्यांत उगवतात, आणि तेवढा काळ कोंदट राहिलं की बुरशी धरते. रोज थोडा वेळ झडप उघडी ठेवा. चिलटं दिसली तर लगेच पिवळे चिकट कागद लावा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

खताच्या गोळ्या मॉसच्या मिश्रणात घालायच्या नाहीत, माहितीपत्रक काहीही म्हणो. त्याने शेवाळ माजतं आणि मुळं करपतात. दोन बीजदलांनंतर (बीमधून निघणाऱ्या पहिल्या पानांनंतर) येणाऱ्या पानांना काही मिलिमीटरचे इवलेसे घट लागतात, ते पाहणं हा निव्वळ आनंद आहे! मात्र 'सहा महिन्यांत मोठं रोप' हा पत्रकातला दावा साफ चुकीचा. त्याला काही वर्षं लागतात.

रोपाचा पसारा दोन-तीन सेंटिमीटर होईपर्यंत ते हलवू नका. मग मुळांभोवतालच्या मॉससकट उचला. झडप आठवडाभर आधीपासून रोज थोडी जास्त उघडत न्या, नाहीतर कोरड्या हवेत पहिल्यांदा घटच वाळतात.