मिरजोळे वसाहतीतील होज पाईपचे दुकान : नवा करण्याआधी फुटलेला तपासणारे

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील या दुकानात हायड्रॉलिक होज पाईप, म्हणजे यंत्रातील दाबाखालचे ऑइल वाहून नेणारे लवचिक रबरी पाईप, मापाप्रमाणे कापून आणि दोन्ही टोकांना फिटिंग (जोडणीचे धातूचे तोंड) दाबून तयार करून मिळतात. आमच्या जेसीबीचे आणि पोकलेनचे पाईप आम्ही गेली काही वर्षे येथेच करून घेत आहोत. तालुक्यात यंत्रे चालवणाऱ्यांनी आणि मिरकरवाडा बंदरात बोट असणाऱ्यांनी या दुकानाची माहिती ठेवावी, असे मला मनापासून वाटते. चांगला पाईप इतरत्रही मिळतो. परंतु जुना पाईप का फुटला हे पाहिल्याशिवाय नव्याला हात न लावणारे दुसरे दुकान या भागात माझ्या पाहण्यात नाही.

पाईप फुटला की आपल्याकडची रीत ठरलेली आहे. ऑपरेटर फोन करतो, हेल्पर फुटलेला तुकडा घेऊन मोटारसायकलवरून गावात येतो, चहा होईपर्यंत नवा पाईप तयार होतो आणि दुपारी यंत्र पुन्हा चालू होते. काम थांबलेले असते, डंपर रांगेत उभे असतात, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. मात्र त्याच जागी तोच पाईप दोन महिन्यांनी पुन्हा फुटतो, तेव्हा पाईपच्या किमतीबरोबर वीस-पंचवीस लिटर ऑइल आणि अर्ध्या दिवसाचे भाडेही पाण्यात जाते. येथील मिस्त्री फुटलेला तुकडा टेबलावर घेऊन आधी पुसतात, मग तो यंत्रावर कोणत्या जागी होता आणि कोणत्या बाजूला वळला होता हे विचारतात. कधी कधी ते तो उभा चिरून आतली रबरी नळी आणि पोलादी तारांचे विणकामही दाखवतात.

आमच्या पोकलेनच्या आर्मवरचा एक पाईप त्यांनी असाच उघडून दाखवला होता. बाहेरचे काळे रबर एका जागी बोटाच्या नखाएवढे घासून गेले होते आणि वरवर पाहता तेवढेच नुकसान दिसत होते. चिरल्यावर मात्र त्या जखमेच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरापर्यंत तारा तांबूस झालेल्या दिसल्या आणि बोटाने दाबताच त्यांचा भुगा पडला. पाईपला दाब पेलण्याची ताकद देतात त्या या तारा. रबराचे बाहेरचे आवरण केवळ त्यांच्या रक्षणासाठी असते. ते आवरण फाटले की कोकणातली दमट आणि खारी हवा आत शिरते, आणि गंज तारेच्या कडेकडेने पुढे सरकत राहतो. घाटावर असा घासलेला पाईप कदाचित हंगाम काढेल. समुद्राजवळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. त्या दिवशी मिस्त्री म्हणाले ते तसेच्या तसे लिहितो : “शेट, पाईप आत्ता करून देतो, पण क्लॅम्प नाही बसवलात तर गणपतीआधी पुन्हा याल.” आम्ही क्लॅम्प, म्हणजे पाईप जागेवर धरून ठेवणारी पकड, बसवला, आणि घासण्याच्या जागी नायलॉनचे आवरणही चढवले.

होज पाईप निकामी होण्याची जी कारणे आहेत, त्यांत घासणे हे नेहमीचे आणि सर्वांत सहज टाळता येण्यासारखे कारण आहे. पाईप पाईपवर घासतो, बूमच्या (यंत्राच्या मोठ्या दांड्याच्या) धारदार कडेवर घासतो, किंवा सैल झालेल्या क्लॅम्पमध्येच हलत राहतो. त्यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून वरून तारेने आवळणे. या दुकानात ते कटाक्षाने नको म्हणतात, आणि ते मला पूर्णपणे पटते. ट्यूबच्या आत मीठ, चिखल आणि पाणी साचून राहते, खालचा गंज दिसत नाही आणि आवळलेली तारच पुढे पाईपमध्ये रुतते. विणलेले नायलॉनचे आवरण बोटीवर वापरायचे असेल, तर तेही अधूनमधून सरकवून गोड्या पाण्याने धुवावे लागते, हे ते न विचारता सांगतात.

दाबाच्या बाबतीत दुकानाची शिस्त विशेष उल्लेख करण्याजोगी आहे. बाजारात “डबल वायर” म्हणून जो पाईप सर्रास मिळतो, तो बहुधा टू एस एन प्रकारचा, म्हणजे पोलादी तारांच्या विणकामाचे दोन थर असलेला, असतो. त्याच्यावरील छापील पट्टी वाचली तर लक्षात येते की अर्ध्या इंचाच्या पाईपला २७५ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब चालतो, पण पाऊण इंचाच्या त्याच प्रकारच्या पाईपला केवळ २१५ बार. व्यास वाढला की तेवढ्याच तारांची पेलण्याची शक्ती कमी होते, ही साधी गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. वीस टनी पोकलेनच्या मुख्य लाइनमध्ये दाब ३५० बारच्या आसपास जातो. तेथे पाऊण इंची डबल वायर बसवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे; त्या जागी तारांचे चार थर गुंडाळलेला फोर एस पी किंवा फोर एस एच प्रकारचाच पाईप हवा. पाईप फुटण्याचा दाब हा चालू दाबाच्या चौपट ठेवलेला असतो, म्हणून “चालून जाईल” असे सांगणारे दुकानदार भेटतात. परंतु ही चौपट सवलत बकेट खडकावर आदळताना क्षणभर उसळणाऱ्या दाबासाठी आणि पाईपच्या वाढत्या वयासाठी असते, आपल्या काटकसरीसाठी नव्हे. युरोपीय मानकाप्रमाणे टू एस एन पाईपची दाबाच्या २ लाख ठोक्यांवर चाचणी होते, तर फोर एस पी आणि फोर एस एचची ४ लाखांवर. जांभा फोडण्याच्या कामात असे ठोके किती झपाट्याने भरतात, हे खाणीवर उभे राहिलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही.

लांबी आणि वळण या गोष्टींकडे येथे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे मी अन्यत्र पाहिलेले नाही. दाब चढला की पाईपची लांबी बदलते. ती दोन टक्क्यांनी वाढू शकते किंवा चार टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे एक मीटरचा ताणून बसवलेला पाईप चार सेंटिमीटर आखडायला पाहतो आणि सगळा ओढा फेरूलवर, म्हणजे पाईपच्या टोकावर दाबलेल्या धातूच्या कड्यावर, येतो. म्हणून ते जुन्या तुकड्याच्या मापावर आंधळेपणाने विसंबत नाहीत, आधीचाच पाईप तोकडा होता का हे विचारतात. अर्ध्या इंचाच्या डबल वायर पाईपला १८० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नये, आणि फेरूल संपल्यावर पाईपच्या जाडीच्या दीडपट तरी भाग सरळ राहू द्यावा, हे नियम दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहेत. जागा अपुरी असेल तर ते पाईप वाकवायला सांगत नाहीत, ९० अंशांचे फिटिंग सुचवतात. त्याचे पैसे अधिक पडतात, परंतु ते वसूल होतात.

पिळाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. पाईपवर लांबीभर छापलेली ओळ बसवल्यानंतर सरळ दिसली पाहिजे. ती मळसूत्राप्रमाणे फिरलेली दिसली तर पाईपला पीळ पडला आहे. दाब आल्यावर असा पाईप स्वतःला उलगडू पाहतो, त्यामुळे तारा एकमेकींवर घासतात आणि नटही सैल होतो. नट आवळताना एका पान्याने पाईपचे फिटिंग धरून दुसऱ्या पान्याने नट फिरवायचा, हे या दुकानात हेल्परला हातात पाना देऊन शिकवले जाते. दोन्ही टोकांना एल्बो (वाकडी फिटिंग) असतील तर त्यांच्यातला कोन आधी खडूने आखून घेतात आणि मगच दाबतात. आमच्या जुन्या हेल्परने ही पद्धत येथेच शिकून घेतली आणि आता तो नव्या मुलांना ती दाखवतो.

फिटिंग दाबण्याचे काम पाहण्यासारखे आहे. पाईप कापल्यावर आत रबराचा आणि तारेचा बारीक चुरा राहतो. तो न काढता पाईप बसवला तर चुरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो आणि त्यातील सरकता दांडा, म्हणजे स्पूल, अडकू लागतो; पंपाचे नुकसान झाले तर खर्च लाखात जातो. येथे हवेच्या बंदुकीने फोमची गोळी पाईपमधून आरपार सोडतात, आणि ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुन्हा सोडतात. त्यानंतर निप्पल (फिटिंगचा पाईपमध्ये शिरणारा भाग) किती आत जायला हवे याची खूण पाईपवर करतात, तक्त्यातील आकडा पाहून दाबतात आणि दाबलेल्या फेरूलचा व्यास व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) फिरवून फिरवून मोजतात. कमी दाबले तर पाईप निसटतो, जास्त दाबले तर आतली नळी चिरते. गावातल्या दुसऱ्या एका दुकानात केलेला आमचा एक पाईप अखंड असूनही फेरूलमधून सुटून आला होता; तो येथे दाखवल्यावर निप्पल एका कंपनीचे आणि फेरूल भलत्याच मापाचे असल्याचे लगेच निघाले. तयार पाईपच्या दोन्ही टोकांना टोपणे लावूनच ते तो हातात देतात.

आट्यांची तपासणीही तितकीच काळजीपूर्वक होते. २२ मिलिमीटरचे मेट्रिक आटे आणि सात-अष्टमांश इंचाचे यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे डोळ्यांना सारखेच दिसतात, एक-दोन फेरे एकमेकांत बसतातही. बीएसपी प्रकारच्या फिटिंगचा कोन ६० अंशांचा आणि जेआयसी प्रकारच्या फिटिंगचा ३७ अंशांचा, हा फरकही गेज लावल्याशिवाय कळत नाही. गळती थांबत नाही म्हणून नट आणखी आवळत राहण्याची सवय आपल्या ऑपरेटर मंडळींना आहे; त्यात नटाला चीर पडते आणि गळती कायम राहते.

खाऱ्या हवेबाबत मच्छीमारांना दिला जाणारा सल्ला मला फार मोलाचा वाटला. पर्ससीनच्या (मोठे वेढा घालणारे जाळे टाकणाऱ्या) बोटींवर विंचचे, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राचे, पाईप सतत भिजतात. त्यांच्या फिटिंगवरचे जस्ताचे मुलामे आधी पांढुरके आणि मग तांबडे पडतात. त्यावर ३१६ स्टेनलेस स्टीलचे फिटिंग हा उत्तम उपाय आहे, पण ते साध्या लोखंडी अडॅप्टरवर (यंत्रावरील जोडतुकड्यावर) चढवले तर खाऱ्या पाण्यात अडॅप्टर लवकर खराब होतो, म्हणून जोडी बदलावी असे ते सुचवतात. तेवढा खर्च झेपत नसेल तर गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून ग्रीस लावत राहा, असे स्पष्टपणे सांगतात. महागडी वस्तू गळ्यात मारण्याचा प्रयत्न मी येथे कधी पाहिला नाही.

खाणीवरच्या यंत्रांना उष्णतेचा त्रास अधिक असतो. जांभ्याची तांबडी धूळ ऑइल कूलरच्या जाळीत बसली की ऑइल तापते आणि आतले रबर कडक होऊन पाईप वाकवताच तडकतो. साध्या पाईपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, पण त्या मर्यादेजवळ रोज चालणारा पाईप फार टिकत नाही. कडक झालेला तुकडा पाहून मिस्त्रींनी नवा पाईप देतानाच कूलर धुवायला सांगितले होते, आणि तेव्हापासून आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर नियमित हवेने साफ केला जातो.

एक गोष्ट या दुकानाच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे आणि ती प्रत्येक यंत्राच्या केबिनमध्ये लावायला हवी : गळती हाताने शोधू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी ऑइलची धार दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती पाहावी. नट सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर मागेपुढे हलवून दाब काढून टाकावा.

आता उणिवा. पाईपची भेंडोळी शटरजवळ रचलेली असतात आणि दुपारनंतर त्यांवर थेट ऊन येते. रबराला ऊन चांगले नाही, हे त्यांना सांगायची गरज नसावी. तेथे एक ताडपत्रीचा पडदा हवा. पाईपवर निर्मितीची तिमाही आणि वर्ष छापलेले असते, पण तयार पाईपला तो जोडल्याच्या तारखेची चकती ते मागितल्याशिवाय लावत नाहीत. जर्मन मानक डीआयएन २००६६ प्रमाणे भेंडोळ्यातील पाईप चार वर्षांपेक्षा जुना वापरू नये, आणि जोडलेल्या पाईपचे आयुष्य साठवणीसह सहा वर्षे धरावे. तारीखच नसेल तर हा हिशेब ठेवायचा कसा? दर इतर दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत, आणि रविवारी दुकान बंद असते, ज्याची अडचण खाणवाल्यांना हमखास होते.

गर्दीचेही गणित आहे. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बोटवाल्यांची रांग लागते, आणि दसऱ्याच्या सुमारास पावसाळाभर उभी असलेली खाणीवरची यंत्रे निघतात तेव्हा पुन्हा तीच स्थिती होते. जाताना फुटलेला पाईप न पुसता, दोन्ही टोकांसह न्यावा आणि यंत्रावर तो कसा बसलेला असतो याचा फोटो मोबाईलमध्ये असावा. एक इंच आणि त्यावरचा चार थरांचा पाईप दुकानात नेहमी नसतो, तो कोल्हापूरहून येतो. आंबा घाटात दरड आली तर तो दोन-तीन दिवस लांबतो, तेव्हा पोकलेनच्या मुख्य लाइनचे जादा पाईप मे महिन्यातच माप देऊन करून घ्यावेत आणि टोपणे लावून सावलीत, कोरड्या जागी ठेवावेत.